ब्रिक्सनचा हत्ती आणि डोलोमाइटचा कातळ

इटलीतल्या डोलोमाइट्सच्या डोंगरांत जायचं म्हटलं की ओळखीतला जो तो प्राग्सच्या तळ्याचा एकच फोटो पाठवतो: हिरवंगार पाणी, लाकडी होडी, मागे कातळकडा. आम्ही त्या तळ्याला गेलोच नाही. उन्हाळ्याच्या ऐन हंगामात तिथवर स्वतःची गाडी न्यायची तर आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, यावरून गर्दीचा अंदाज यावा. आम्ही जाणार होतो सप्टेंबरअखेर, तेव्हा ती सक्ती नसते. पण तोवर बाबांनी वेगळाच सूर लावला होता. "एक गाव धर. तिथं बूड टेकव. तिथनं रोज एका दिशेला जाऊन यायचं आणि रात्री आपल्या खोलीत झोपायचं."

बाबांची उभी हयात एसटीत गेली, त्यातली शेवटची बरीच वर्षं स्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून. मी म्युनिकला असते आणि ते पहिल्यांदाच माझ्याकडे आले होते. प्रवासाचा आराखडा करताना त्यांनी हवा कशी असेल ते विचारलं नाही, हॉटेलात गिझर आहे का तेही नाही. त्यांचा एकच प्रश्न, "शेवटची गाडी कितीला?" आल्प्समध्ये याहून कामाचा प्रश्न नाही. डोंगरावरून उतरायला उशीर झाला, रोपवे बंद झाला आणि खालची बसही निघून गेली, तर टॅक्सीच्या पैशात दोन दिवसांचं जेवण होतं.

गाव निवडलं ब्रिक्सन. इटालियन नाव ब्रेसानोने. इटलीच्या उत्तर टोकाच्या दक्षिण तिरोल प्रांतात प्रत्येक गावाला अशी दोन नावं आहेत, काही खोऱ्यांत तर तीन. गाडीचं वेळापत्रक एका नावाने आणि नकाशा दुसऱ्या नावाने असला की घोळ होतो, म्हणून दोन्ही नावं आधीच वहीत लिहून घ्यावीत. ब्रिक्सन निवडायला कारणं दोन. म्युनिकहून इन्सब्रुक आणि ब्रेनर खिंडीवरून जाणारी रेल्वे तिथे थांबते, आणि आसपासच्या खोऱ्यांत जाणाऱ्या बहुतेक बस तिथूनच सुटतात. गाव जेमतेम 560 मीटरवर आहे. वर बोचरा वारा असला तरी संध्याकाळी चौकात स्वेटरशिवाय बसता येतं.

ब्रेनरची खिंड 1370 मीटर उंचीची. आल्प्सची मुख्य रांग ओलांडायच्या वाटांमध्ये ही फार सखल मानली जाते, आणि या मुलखाची सगळी गोष्ट या एका आकड्यात आहे. रोमनांचे सैनिक, राज्याभिषेकासाठी रोमला निघालेले जर्मन राजे, व्यापारी, चित्रकार, यात्रेकरू सगळे इथूनच गेले. 1867 मध्ये रेल्वे आली, मग महामार्ग आला, आता डोंगराच्या पोटातून बोगदा खणताहेत. गाडी खिंडीतून खाली उतरू लागली की डाव्या-उजव्या हाताला मालट्रकांची न संपणारी रांग दिसते. निसर्ग बघायला आलेल्या माणसाचा थोडा हिरमोड होतो खरा. पण ही वाट नसती तर खालची ती देखणी गावंही नसती.

ब्रिक्सनच्या थोडं अलीकडे फ्रान्झेन्सफेस्टे लागतं. ऑस्ट्रियाने 1833 ते 1838 या काळात बांधलेला अवाढव्य किल्ला. रूळ त्याच्या इतक्या जवळून जातात की भिंतींचे घडीव ग्रॅनाइट चिरे मोजता यावेत. बाबा खिडकीला नाक लावून बसले होते.

"लढला का कधी?"

"कधीच नाही. कोणी चालूनच आलं नाही."

"म्हणजे एवढा चिरा फुकट गेला म्हणायचा." मग जरा वेळाने, "नाहीतर मग कामाला आला म्हणायचा."

ब्रिक्सनमध्ये पोचल्यावर मी त्यांना आधी कॅथेड्रलशेजारच्या मठाच्या ओवऱ्यांत नेलं. मुख्य चर्च 18व्या शतकात नव्याने बांधलेलं, आत सगळा बरोक थाट: संगमरवर, सोनं, छतावर पाउल ट्रोगरची चित्रं. दिपून जायला होतं आणि मान दुखते. ओवऱ्या मात्र जुन्या आहेत. मधल्या चौकात हिरवळ, चारी बाजूंनी कमानी आणि कमानींच्या छतांवर 14व्या शतकाच्या अखेरीपासून पुढे शंभरेक वर्षं रंगवलेली बायबलमधली चित्रं. गावात वाचणारे थोडे होते, म्हणून गोष्टी भिंतीवर आणि छतावर आल्या.

तिथे एक हत्ती आहे. ज्यू योद्धा एलेआझार शत्रूच्या युद्धहत्तीला मारतो, तो प्रसंग. चित्र 15व्या शतकातलं, आणि चित्रकाराने हत्ती कधी पाहिला नव्हता हे उघड आहे. अंग घोड्याचं, पाय घोड्याचे, तोंडाला एक लांब नळी लावलेली. पाठीवर मात्र बुरुजासारखी अंबारी अगदी ऐटीत. बाबा मान वर करून पुष्कळ वेळ बघत राहिले. ज्योतिबाच्या आणि नृसिंहवाडीच्या जत्रेत हत्ती पाहिलेला माणूस. म्हणाले, "ऐकून काढलंय बिचाऱ्यानं. पण सोंड आहे एवढं ऐकलं होतं, हे काय कमी आहे?"

गंमत पुढे आहे. हे चित्र काढून काही पिढ्या उलटल्यावर, 1551 च्या डिसेंबरात, गावात खराखुरा हत्ती आला. नाव सोलिमान. पोर्तुगीजांनी पूर्वेकडच्या आपल्या मुलखातून तो लिस्बनला नेला होता, आणि तिथून तो हाब्सबुर्ग घराण्याच्या माक्सिमिलियनकडे आला. हाच माक्सिमिलियन पुढे सम्राट झाला. बायकोला घेऊन तो स्पेनहून व्हिएन्नाला निघाला, तेव्हा लवाजम्यात हत्तीही होता: जहाजाने जिनोव्हा, पुढे पायी मिलान, ट्रेंटो आणि भर हिवाळ्यात ब्रेनर. खिंड चढण्याआधी ब्रिक्सनमध्ये त्याला सुमारे दोन आठवडे विश्रांती दिली. ज्या खानावळीत तो उतरला तिच्या मालकाने खानावळीचं नावच हत्तीवरून ठेवलं. आज ते हॉटेल 'एलेफंट' आहे आणि दर्शनी भिंतीवर तो हत्ती रंगवलेला आहे. सोलिमान बर्फातून खिंड चढून इन्सब्रुकला पोचला, पुढे नदीतून होडीने व्हिएन्नाला गेला आणि 1553 मध्ये मेला. आम्ही रस्त्याच्या पलीकडे उभं राहून ती भिंत पाहिली. आत चहा घ्यायचा बेत होता, पण दारावरचं दरपत्रक वाचून बाबांनी तो रद्द केला.

ब्रिक्सनवर जवळजवळ आठशे वर्षं बिशपांचा अंमल होता. ते नुसते धर्मगुरू नव्हते, महसूल, न्याय, सैन्य सगळं बाळगणारे संस्थानिक होते. 1803 मध्ये त्यांची सत्ता संपली. ब्रिक्सनला येण्याआधी बिशपांची गादी इथून दक्षिणेला क्लाउझन गावाच्या डोक्यावर, झेबेनच्या कड्यावर होती. रेल्वेने तिथे पोचायला फार वेळ लागत नाही. क्लाउझन म्हणजे डोंगर आणि नदी यांच्यात सापडलेली एक अरुंद गल्ली आणि तिच्या दोन्ही अंगांना दाटीवाटीने घरं. जागाच नाही, म्हणून घरं वर वाढलेली. नाक्यावर जकात घेणाऱ्यांसाठी यापरती सोय नव्हती, कारण चुकवून जायला दुसरी वाटच नाही. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर इटलीच्या प्रवासात इथून गेला आणि त्याने हे गाव वरून पाहून टिपलं. पुढे 'नेमेसिस' या त्याच्या कोरीव चित्रात देवतेच्या पायाखाली जी दरी दिसते ती क्लाउझनची. झेबेनच्या पायऱ्या चढून गेलो. दम निघाला, पण राजगडाच्या पाली दरवाजापेक्षा सोपं, असा निर्वाळा मिळाला. वर 17व्या शतकापासून बेनेडिक्टाइन जोगिणींचा मठ होता. संख्या घटत घटत शेवटच्या काही जणी उरल्या आणि 2021 मध्ये त्याही गेल्या.

नॉयश्टिफ्टचा मठ अजून नांदता आहे. स्थापना 1142 ची. ब्रिक्सनहून द्राक्षमळ्यांच्या कडेने चालत जाता येतं. अंगणातल्या विहिरीवरच्या छत्रीच्या आठ बाजूंवर जगातली सात आश्चर्यं रंगवली आहेत आणि आठवं म्हणून हाच मठ. साधूंना एवढा अभिमान असायला हरकत नाही. मठाची वाइन नावाजलेली. बाबा माळकरी, त्यामुळे सफरचंदाचा रस.

सफरचंदं मात्र सगळीकडे. सप्टेंबर म्हणजे तोडणीचा काळ, खोऱ्याच्या तळाशी जिथे सपाट जमीन तिथे बागा, रस्त्यावर लाकडी आणि प्लास्टिकच्या खोक्यांनी लादलेले ट्रॅक्टर. ऊस तोडणीच्या दिवसांत आमच्याकडे जशी बस ट्रॉल्यांच्या मागे अडकते तशी इथेही अडकली. फरक इतकाच की ट्रॅक्टरवाल्याने जागा मिळताच गाडी कडेला घेतली. बाबांनी हे लक्षात ठेवून रात्री आईला फोनवर सांगितलं.

बसबद्दल सांगायलाच हवं. इथे राहण्याच्या बहुतेक ठिकाणी पाहुण्यांना एक पास देतात. त्यावर प्रांतातल्या बस, स्थानिक रेल्वे आणि काही रोपवे फुकट. चढताना दर वेळी पास यंत्रावर दाखवायचा, एवढंच. डोंगरातल्या एकेका घराच्या फाट्यावर बस थांबते, शाळेची पोरं चढतात, उतरतात. बाबा मुद्दाम ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायचे. एका वळणावर समोरून दुसरी बस आली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. दोघा ड्रायव्हरांनी आरसे आत घेतले, एकाने बोटभर मागे घेतली, दुसरा सरकला, हात वर करून राम राम झाला आणि गाड्या निघाल्या. "आंबा घाटात असंच काढायचे आमचे लोक," बाबा म्हणाले. डोलोमाइट्सने त्यांना जिंकलं ते इथे, कडे नंतर दिसले.

ते कडे पाहिले फिल्नोसच्या खोऱ्यात. ब्रिक्सनहून बस सांक्ट माग्दालेना गावावरून वर झान्सर आल्म या डोंगरी कुरणापर्यंत जाते. गिर्यारोहक राइनहोल्ड मेसनर याच खोऱ्यात वाढला. तिथून आडोल्फ मुंकेलच्या नावाची पायवाट गाइस्लर सुळक्यांच्या पायथ्याने जाते. सगळ्यात उंच सास रिगाइस 3025 मीटर. आपल्याला मात्र 2000 च्या आसपासच चालायचं असतं. पाट्यांवर लाल-पांढऱ्या खुणा, वाटेचा क्रमांक आणि अंतराऐवजी वेळ: अमुक आल्म, दीड तास. डोंगरात किलोमीटरला काही अर्थ नसतो, त्यामुळे ही रीत शहाणपणाची. तो वेळ सवयीच्या चालणाऱ्याचा असतो. सत्तरीच्या घरातल्या माणसाबरोबर असाल तर अर्धा तास वर धरून शेवटच्या बसचं गणित मांडावं.

जंगल संपतं आणि एकदम अंगावर येतो तो उभा, फिकट राखाडी कातळ. आम्ही दोघंही काळ्या दगडाची माणसं. सह्याद्री लाव्हाचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून झालेला. हा डोलोमाइट त्याच्या तिपटीहून जुना आणि जातकुळीच वेगळी. हे डोंगर समुद्रात तयार झाले. ट्रायासिक काळात इथे टेथिस नावाचा उबदार, उथळ समुद्र होता. त्यातल्या जिवांच्या चुनखडी सांगाड्यांचे खडक आणि बेटं वाढत गेली. पुढे आफ्रिकेच्या बाजूचा भूभाग युरोपावर रेटत आला, समुद्र मिटला आणि त्याचा तळ वर उचलला गेला. हिमालयात स्पितीत जे शंख-शिंपल्यांचे जीवाश्म सापडतात तेही याच टेथिसच्या पसाऱ्यातले. चुनखडीवर आम्ल टाकलं की ती फसफसते. हा खडक तसा फसफसत नाही, हे 18व्या शतकाच्या अखेरीस देओदा द दोलोमिय या फ्रेंच भूवैज्ञानिकाने नोंदवलं. यात कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमही आहे. त्याच्या नावावरून खडकाला नाव मिळालं आणि खडकावरून सगळ्या डोंगरांना. 2009 पासून ते युनेस्कोच्या वारसायादीत आहेत.

बाबांनी घळीतून घसरून आलेला एक खडा उचलला, अंगठ्याने घासला, उन्हात धरला. पृष्ठभागावर साखरेसारखे बारीक कण चमकत होते. "भुसभुशीत वाटतो, पण कडा बघ कसा उभा धरलाय." मग खडा होता तिथे ठेवला. आसपास चरत असलेल्या मेंढ्यांच्या डोळ्यांभोवती काळी वर्तुळं, चष्मा लावल्यागत. ही फिल्नोसची खास जात, मध्यंतरी नामशेष व्हायला आली होती. कुठूनतरी मार्मोट या खारीच्या कुळातल्या प्राण्याची तीक्ष्ण शिट्टी आली. ते दिसलं मात्र नाही.

जेवायला वाटेवरच्या आल्मवर. आल्म म्हणजे उन्हाळ्यात गुरं वर आणून राहण्याची जागा, हल्ली बहुतेक ठिकाणी खानावळही असते. शाकाहारी माणसाने इथे उपाशी राहायचं कारण नाही, पण विचारून घ्यावं. क्नोडेल म्हणजे शिळ्या पावाचे उकडलेले गोळे, त्यात सहसा श्पेक, म्हणजे धुरावलेलं डुकराचं मांस असतं. पालकाचे किंवा चीजचे वेगळे मागायचे. सातूच्या सुपातही मांसाचा तुकडा असू शकतो. सगळ्यात बिनधोक श्लुट्सक्राफेन: पालक आणि मऊ चीज भरलेल्या, उकडलेल्या करंज्याच त्या, वर वितळलेलं लोणी. बाबांनी त्यावर मिरपूड मागितली, मग अजून मिरपूड मागितली. मालकीणबाईंनी शेवटी डबीच टेबलावर ठेवली.

झायझर आल्मला गेलो त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. युरोपातलं सगळ्यात मोठं डोंगरमाथ्यावरचं कुरण, साधारण 56 चौरस किलोमीटर. सकाळी 9 ते संध्याकाळी 5 खासगी गाड्यांना बंदी, त्यामुळे झाइस गावातून रोपवेने जायचं. त्याचं तिकीट वेगळं आणि स्वस्त नाही. जून-जुलैतली फुलं आम्हाला मिळाली नाहीत, गवत कापून झालं होतं, मधून मधून शरदातलं जांभळं विषारी केसरफूल तेवढं उगवलेलं. समोर लांगकोफेल, 3181 मीटर, आणि पाठीशी श्लेर्नचा सपाट माथा. गुरं खाली उतरवायचे दिवस जवळ आले होते. माझं मत विचाराल तर फुलांच्या दिवसांपेक्षा हे दिवस चांगले, कारण माणसं कमी आणि शेतकऱ्याला बोलायला सवड. एवढं मात्र खरं की हे 'अस्पर्श' वगैरे काही नाही. दर वर्षी कापलं नाही, चारलं नाही तर हे कुरण जंगलात जाईल. माणसाने शेकडो वर्षं राखलेला हा देखावा आहे.

जंगलांची कथा बरी नाही. उतारांवर मधेच तपकिरी, वाळलेली ठिगळं दिसतात. ऑक्टोबर 2018 मध्ये 'वाइया' वादळाने या भागात लाखो झाडं आडवी केली. पडलेल्या लाकडात साल पोखरणारा भुंगेरा माजला आणि त्याने उभी स्प्रूसची झाडंही खाल्ली. एकाच जातीची दाट लागवड त्याच्या पथ्यावर पडली.

बोल्झानोला, जर्मनमध्ये बोत्सेनला, गेलो ते पावसाचा दिवस बघून. लाउबनगासे या जुन्या व्यापारी गल्लीच्या कमानींखालून छत्री न उघडता फिरता येतं. तिथून जवळच पुरातत्त्व संग्रहालय, आणि त्यात ओट्झी. 19 सप्टेंबर 1991 रोजी 3210 मीटरवर दोन पदभ्रमंती करणाऱ्यांना बर्फातून अर्धं वर आलेलं एक प्रेत दिसलं. अलीकडचा कोणी अपघातात गेलेला असावा असं वाटलं. तो निघाला सुमारे 5300 वर्षांपूर्वीचा. जागा ऑस्ट्रियाच्या सीमेपासून शंभर मीटरही इटलीत आत नव्हती, म्हणून तो इथे आहे. उणे 6 अंशांच्या खोलीत ठेवलेला, एका छोट्या चौकोनी खिडकीतून बघायचा. मधून मधून त्याच्यावर पाणी फवारतात, त्याचा पातळ बर्फ होतो, म्हणून त्वचा ओली चकाकते. डाव्या खांद्यात बाणाचं गारगोटीचं टोक आहे हे 2001 मध्ये क्ष-किरणांत दिसलं. पाठीमागून मारलेला बाण.

रांग पुढे सरकत होती. बाबा खिडकीपाशी थोडंच थांबले, पण त्याच्या पायताणापाशी रेंगाळले. तळवा अस्वलाच्या कातड्याचा, आत झाडाच्या सालीच्या तंतूंची जाळी आणि तिच्यात उबेसाठी कोंबलेलं गवत. "ह्याला वाट माहीत होती," ते म्हणाले. "वाट माहीत असलेल्या माणसाचे जोडे आहेत हे."

बोल्झानोत नदीपलीकडे मुसोलिनीच्या काळातलं, 1928 चं विजयस्मारक आहे. पहिल्या महायुद्धानंतर हा जर्मनभाषक मुलूख ऑस्ट्रियाकडून इटलीला मिळाला. मग फासिस्टांनी जर्मन शाळा बंद केल्या, गावांची नावं बदलली, दक्षिणेतून माणसं आणून वसवली. स्वायत्ततेचा आजचा कायदा 1972 चा. आता शाळा वेगवेगळ्या भाषांच्या, सरकारी नोकरीला दोन्ही भाषा आल्याच पाहिजेत, आणि पाट्या दोन्ही भाषांत. स्मारक पाडलं नाही. 2014 मध्ये त्याच्या तळघरात हा सगळा इतिहास सांगणारं प्रदर्शन उघडलं. बाबांनी सीमाभागात, निपाणी-बेळगावकडे गाड्या धाडलेल्या. फलक कुठल्या भाषेत यावरून कशी काच फुटते ते त्यांना मी काय सांगणार? प्रदर्शनातला मजकूर मी भाषांतर करून वाचून दाखवत होते, तर त्यांनी मधेच थांबवून विचारलं, "आणि हे भांडण मिटायला किती वर्षं लागली म्हणालीस?"

खर्चाचं सांगायचं तर राहणं महाग, प्रवास जवळजवळ फुकट, आणि दुपारचं जेवण वर आल्मवर घेतलं तर रात्री सुपरमार्केटातला पाव, चीज आणि टोमॅटो पुरतात. ऑक्टोबरपासून पुढे बरेच रोपवे आणि आल्म टप्प्याटप्प्याने बंद होतात, बसचं वेळापत्रकही बदलतं. निघण्याआधी तारखा बघून घ्याव्यात. पायात घोट्यापर्यंतचे बूट हवेत आणि पिशवीत पावसाळी कोट.

पश्चिमेकडचं फिन्श्गाउ खोरं या खेपेला राहिलं. तिथे ग्लुर्न्स आहे, तटबंदी शाबूत असलेलं, हजारभर वस्तीचं शहर. पण बाबांना तटबंदीपेक्षा तिथवर जाणाऱ्या रेल्वेत रस आहे. मेरान ते माल्स हा मार्ग तोट्यात म्हणून बंद केला होता. प्रांताने तो ताब्यात घेऊन 2005 मध्ये पुन्हा सुरू केला आणि गाड्या भरून धावू लागल्या. बंद पडलेला मार्ग पुन्हा चालतो कसा, हे त्यांना स्वतः गाडीत बसून बघायचंय. पुढच्या खेपेला आईलाही आणायचं म्हणतात, आणि मिरपुडीची डबी घरचीच घ्यायची.